एक बाई आणि सहा बिऱ्हाडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात भाषण म्हटले की आहार, आरोग्य, बचत नाहीतर मुलांचे संगोपन असे विषय असतात. यंदा पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'संगणकावरचा घरसंसाराचा खेळ' असे वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. चाळिशी केव्हाच उलटलेली बाई, शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि ही आम्हांला खेळावर भाषण देणार! पण कार्यवाहबाईंनी धरून बसल्यासारखे केले, की दुपारी तासभर तुम्ही त्या पडद्यासमोर बसून काय करता ते एकदा सगळ्यांना सांगाच. तेव्हा उभी राहिले आहे. भाषणाची सवय नाही. ओट्याशी उभी राहून बोलते तशीच बोलेन, चालवून घ्यावे.

खेळाचे नाव 'द सिम्स'. आमच्या मुलीने तो संगणकावर घातला. याचा चौथा अवतार आहे, तो २०१४ साली निघाला आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून मूळ खेळ फुकट मिळू लागला. वरची सजावट, नवी गावे, नवे कपडे यांना मात्र पैसे पडतात आणि ते थोडेथोडके नसतात. आम्ही फुकटातच भागवतो.

यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणे-हरणे नाही. पडद्यावर एक घर असते, वरचे छप्पर काढून आत डोकवावे तसे. घरात माणसे. माणसांना सहा गोष्टी लागतात: भूक भागली पाहिजे, झोप झाली पाहिजे, अंघोळ, शौच, थोडी करमणूक आणि बोलायला कोणीतरी. प्रत्येक गोष्टीची एक पट्टी असते. पोट भरलेले असले की हिरवी, उपाशी राहिले की पिवळी, मग तांबडी. ज्या माणसाला आपण हुकूम देत असतो त्याच्या डोक्यावर एक लोलक तरंगतो. आपल्या घड्याळाचा एक सेकंद म्हणजे त्यांचे एक मिनिट, म्हणजे त्यांचा अख्खा दिवस आपल्या चोवीस मिनिटांत उरकतो. तेवढ्यात त्यांनी उठायचे, चहापाणी, नोकरी, स्वयंपाक, भांडण, समेट आणि झोप. बाईचे दिवस भरायला तिकडे तीनच दिवस लागतात. हे ऐकून आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, मग त्या बायकांना डोहाळे लागायचे केव्हा?

सूचना सगळ्या इंग्रजीत असतात. त्या मी मुलीकडून समजून घेऊन वहीत मराठीत उतरवल्या आहेत. माणसे मात्र बोलतात ती भाषा जगात कोणाचीच नाही. 'सिमलिश' म्हणून मुद्दाम बनवलेली आहे. तिथे एम. ए. झालेली आणि सातवी झालेली दोघी सारख्याच. चेहरा पाहायचा, हातवारे पाहायचे आणि ओळखायचे की ही रुसली आहे. ते काम आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हा खेळ काढणारे गृहस्थ विल राईट. १९९१ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड येथे डोंगरावर मोठी आग लागली, तीत यांचे घर गेले. सगळे पुन्हा उभे करताना माणसाला घरात खरोखर काय काय लागते, याचा विचार त्यांना करावा लागला, आणि त्यातून खेळाची कल्पना वाढत गेली. पहिला खेळ आला २००० सालच्या फेब्रुवारीत. मुळात तो घर बांधण्याचा खेळ व्हायचा होता. घर चांगले झाले की वाईट हे कळावे म्हणून आत माणसे सोडायची. पण माणसेच इतकी रंगतदार निघाली की घर मागे पडले. मला हे फार पटले. आमचे स्वयंपाकघर ज्यांनी आखले त्यांनीही आधी त्यात एक बाई सोडून पाहावयास हवी होती. शेगडीपुढे उभे राहिले की पाठीमागे फ्रीजचे दार उघडत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. नवशिका माणूस एकच घर मांडतो. नवरा-बायको, एक मूल, असे. पहिल्यांदा तीन किंवा चार माणसांतच नाकी नऊ येतात. एक नोकरीला उशीर करतो, दुसरी शेगडीवर काही जाळते (स्वयंपाक शिकलेली नसेल तर तिथे खरोखर आग लागते, गंमत नव्हे), बिल टपालपेटीत पडून राहिले की वीज-पाणी तोडतात, आणि तान्ह्या मुलाची आबाळ झाली तर मूल घरातून काढून नेले जाते. एक घर सांभाळायला आले की मग शेजारी कोणीतरी हवे असे वाटते. शेजार मांडला की त्या शेजाऱ्यांचे काय चालले आहे ते पाहावेसे वाटते. असे करता करता माझी सहा बिऱ्हाडे झाली.

एक रिटायर झालेल्या लेखक-मास्तरांचे. एक दोघी बहिणींचे, त्यांतली धाकटी चित्रे काढते. एक हॉटेलात आचारीण असलेल्या बाईचे आणि तिच्या मुलाचे. एक नवीन लग्नाच्या जोडप्याचे. एक म्हातारीचे, तिला मी नोकरी दिलेली नाही, ती बाग लावते आणि भाजी-फळे विकून राहते. आणि एक आठ माणसांचे. आठाच्या वर माणसे एका घरात खेळ घेतच नाही. माझ्या सासरी मी लग्न होऊन आले तेव्हा पंगतीला चौदा पाने असत. तो संसार या खेळात बसला नसता.

सहा घरे म्हटल्यावर प्रश्न येतो तो पाळीचा. माणूस एकाच घरात असतो, म्हणजे हुकूम एकाच घराला देता येतात. बाकीच्या पाच घरांत त्या वेळी आपण नसतो. माझी रीत अशी आहे की, प्रत्येक घराला तिकडचा एक आठवडा द्यायचा, रविवारी रात्री सगळे झोपले की घर सोडायचे आणि पुढच्या घरी जायचे. एक आठवडा म्हणजे आपले पावणेतीन तासांच्या आसपास. घड्याळ भरभर पळवायची सोय आहे, त्यामुळे कमीही होतो. दुपारचा एक तास धरला तर सहाही घरांची एक फेरी पुरी व्हायला मला पंधरा-सोळा दिवस लागतात. तोवर कोणाचे काय चालले होते ते डोक्यात राहत नाही. म्हणून वही. एका घराला एक पान. त्यात लिहायचे ते असे: आचारणीला बढती मिळायला अजून एका पदार्थाची तयारी हवी, धाकटी बहीण थोरलीशी तीन दिवस बोललेली नाही, म्हातारीचे टोमॅटो बुधवारी तयार होतील, आठ जणांच्या घरात मधल्या मुलाची परीक्षा बिघडत चालली आहे. तारीख-वाराने लिहायचे. दुधाच्या वहीसारखे.

आणि पानाच्या माथ्यावर मी एक ओळ लाल शाईने लिहून ठेवली आहे: 'आल्याबरोबर हुकूम नको.' परत घरात शिरल्यावर पहिला अर्धा दिवस नुसते बघायचे. तिथली माणसे आपल्या मनानेही थोडेफार करतात. भूक लागली की फ्रीज उघडतात, झोप आली की आडवी होतात, एकमेकांशी बोलतात. पाहिले की कळते कोणाचे कोणाशी जमते आहे. आठ जणांच्या घरात तर आठही जणांना हुकूम देणे अशक्य. तिथे मी फक्त ज्याची पट्टी तांबडी झाली त्याच्याकडे बघते. बाकीचे आपापले करतात आणि खरे सांगते, बरे करतात.

पैशाची एक गोष्ट सांगून पुढे जाते. एकट्या माणसाला घर मांडायला तिथे २०,००० मिळतात, त्यांचे नाणे सिमोलिअन, आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे २,००० जास्त. एवढ्यात जागा, घर, पलंग, शेगडी. पुरत नाहीत. पण एक गुप्त शब्द आहे, तो टाइप केला की एका फटक्यात ५०,००० जमा होतात. तो शब्द मी येथे सांगत नाही, तुमच्या मुलांना ठाऊक असेल. आमच्या मुलीने आपल्या एका घरात तो दहा वेळा वापरला. मग मोठा बंगला झाला, पोहण्याचा तलाव झाला, नोकरीला कोणी जाईना, आणि आठ दिवसांत तिचे त्या घरात लक्ष लागेना. ते घर अजून तसेच आहे, तिकडे कोणी जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला तयार झाले तिच्याकडे वळते. मी मास्तरांच्या घरी आहे, तेव्हा म्हातारीच्या घरी काय होते?

या एका प्रश्नाला त्या खेळाने चार अवतारांत वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. २००० सालच्या पहिल्या खेळात कोणी म्हातारे होतच नसे. तान्हे मूल शाळकरी व्हायचे आणि मग कायमचे शाळकरीच राहायचे. २००४ साली दुसरा आला. त्यात माणसे वाढू लागली, म्हातारी होऊ लागली, मरू लागली. पण ज्या घरात आपण असू त्याच घरात. आपण बाहेर पडलो की त्या घराचे घड्याळ जिथल्या तिथे थांबायचे, आणि सहा महिन्यांनी परत गेले तरी तोच मंगळवार, तीच सकाळ, ताटात तेच अर्धे खाल्लेले. त्यामुळे मोठा घोटाळा व्हायचा. समोरासमोरच्या दोन घरांतली दोन मुले एका वर्गातली. तुम्ही एकाच घरात रमलात तर त्या घरातला मुलगा मोठा होऊन लग्नाला यायचा, आणि समोरचा त्याचा मित्र अजून दप्तर घेऊन शाळेत. म्हणून जुने खेळणारे लोक पाळी लावून, दिवस मोजून सगळी घरे बरोबरीने पुढे नेत. माझी वही काही नवी नव्हे, जगभर कित्येकांनी अशा वह्या ठेवल्या आहेत.

२००९ साली तिसरा आला, आणि त्यात अगदी उलट केले. सगळ्या गावाचे एकच घड्याळ. तुम्ही असा वा नसा, गाव चालू. लोक नोकऱ्या बदलायचे, लग्ने करायचे, गाव सोडून जायचे. दुसऱ्या घरात मन रमवून परत यावे, तो आपण हाताने मांडलेल्या संसारातला माणूस भलत्याच धंद्याला लागलेला. यावर खेळणाऱ्यांनी पुष्कळ कुरकूर केली. ती मी समजू शकते.

चौथ्यात, म्हणजे आमच्या खेळात, हे तुमच्यावर सोपवले आहे. एक बटण आहे: तुमच्या घरांतल्या माणसांची वये सगळ्यांची वाढावी, कोणाचीच वाढू नये, की तुम्ही ज्या घरात आहात तेवढ्याच घरातल्यांची वाढावी? पहिले उत्तर दिले तर मी मास्तरांच्या घरी चहा करीत असताना म्हातारी आपल्या घरी मरू शकते. नंतर कळते.

मी ते बटण तिसऱ्या उत्तरावर ठेवले आहे. मुलगी हसते. म्हणते, आई, हे खरे नाही, अशाने मजा नाही. असेल. पण खेळात तरी मला तेवढी सवलत हवी आहे, ती मी घेते.

भगिनींनो, हे सगळे खेळाचे झाले. पण या खोलीत बसलेल्यांत कितीजणी अशा आहेत, की ज्या एकच घर चालवतात? मी पाहते तर प्रत्येकीची दोन आहेत, कोणाची तीन. आपले इथले, सासरचे गावाकडचे, माहेरचे. कोणाचा मुलगा बंगलोरला भाड्याच्या खोलीत आहे, त्याच्या डब्याची व्यवस्था इथून. कोणाची मुलगी अमेरिकेत बाळंत व्हायची आहे, तिच्या डिंकाच्या लाडवांचा हिशोब इथून. आणि आपण हुकूम मात्र एका वेळी एकाच घराला देऊ शकतो. उरलेल्या घरांबद्दल आपल्या मनातला समज २००४ सालच्या खेळासारखा असतो. आपण निघालो की तिथले घड्याळ थांबले. मागच्या गणपतीला आई जशी होती तशीच ती या गणपतीला दारात उभी असणार. ती चहाचा कप दोन हातांनी धरू लागली आहे हे आपल्याला कप समोर आल्यावर दिसते, आणि आपण म्हणतो, "अगं, हे केव्हापासून?" जणू तिने कळवायला हवे होते.

आणि याच्या उलट रागही येतो, तो तिसऱ्या खेळासारखा. भावाने आपल्याला न विचारता माहेरचे जुने कपाट विकले. नणंदेने सासूबाईंचा डॉक्टर बदलला. आम्हांला कळवले का नाही? आपण तिथे नव्हतो, तरी गाव चालूच होते.

या चौथ्या खेळात २०२१ च्या शेवटी आणि २०२२ च्या मार्चमध्ये मिळून एक नवी सोय आली. तिचे नाव 'शेजारच्या गोष्टी' असे काहीसे होईल. तिचा पहिला भाग गमतीचा. शेजारी तुम्हांला फोन करून सल्ला विचारतात. मी ही नोकरी सोडू का? आम्ही मूल होऊ द्यावे का? तुम्ही 'हो' म्हटले की ते तसे करतातही. पहिल्या आठवड्यात मी तीन-चार जणांना 'हो, हो' म्हणून टाकले, कारण शेगडीवर कुकर होता. पुढे त्यांतली एक भेटली तर दोन मुले कडेवर. आपल्याकडेही सल्ला असाच दिला जातो, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

दुसरा भाग मला जास्त कामाचा वाटला. प्रत्येक घरापुढे एक यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकट. तुम्ही नसताना या घरातल्यांनी नोकरी बदलली तर चालेल का? मूल झाले तर? कुत्रा-मांजर पाळले तर? घर सोडून गेले तर? जे चालेल त्यावर खूण करायची, जे चालणार नाही ते रिकामे ठेवायचे. प्रत्येक घराला वेगळी. एकदा खूण केली की मग तुम्ही नसताना तसे झाले तर बोल लावायला जागा नाही, तुम्हीच तर हो म्हटलेले असते.

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. दोन खोल्या, पडवी, मागे परसू, चार हापूसची कलमे, एक विहीर. भाऊ पुण्याला, मी येथे. दर दिवाळीला विषय निघतो, की आईला इकडे किंवा पुण्याला आणावे. खेळात दोन बिऱ्हाडे एक करणे दोन टिचक्यांचे काम आहे. माणूस या चौकटीतून त्या चौकटीत सरकवायचा की झाले. ना सात-बारा, ना तलाठी. मागे राहिलेले घर नकाशावर तसेच उभे राहते. ते गळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. संगमेश्वरात जूनपासून काय पाऊस पडतो ते तिकडच्यांना विचारा. एक पावसाळा कोणी कौले चाळली नाहीत की दुसऱ्या पावसाळ्यात वासे दिसू लागतात. आईला हे माहीत आहे. ती म्हणते, "मी इथे आहे म्हणून घर आहे. मला नेलेत की मग कशाला परत आणाल?" यावर भावाला आणि मला उत्तर सुचत नाही.

तेव्हा मागल्या मे महिन्यात मी एक केले. आगोटीची बेगमी करायला गेले होते, सोलं वाळत घातली होती, दुपारी आई आणि मी पडवीत बसलो होतो. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान काढून त्याच्या पाठीमागे मी रेघा मारल्या आणि आईला म्हटले, तू काय काय आम्हांला न विचारता करणार ते सांग, आणि काय विचारून करणार तेही सांग. तिला आधी राग आला. माझ्याच घरात मी कोणाला विचारू? पण मग बसली. आंबे कोणाला द्यायचे, कौले चाळायला कोणाला बोलवायचे, कोणाला उसने पैसे द्यायचे, देवाला काय करायचे, हे सगळे तिचे. त्यावर मी खुणा केल्या. उसन्या पैशांवर खूण करताना माझा हात थोडा अडखळला, तिच्या लक्षात आले, ती काही बोलली नाही. माळ्यावर चढणे, पावसात एकटीने विहिरीवर जाणे, रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करणे या तीन चौकटी रिकाम्या ठेवल्या. गोळीवर वाद झाला. शेवटी ठरले, बंद करायची तर आधी फोन.

मला वाटले झाले. तो आई म्हणाली, "आता तो कागद उलट धर, तुमची यादी मी सांगते." हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते, खेळात तशी सोयच नाही. तिथे म्हातारी आपली यादी देत नाही. आईने दिली. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी फोन करायचा नाही. एका फोनमध्ये "जेवलीस का" एकदाच विचारायचे. भावाने शेजारच्यांना परस्पर फोन करून "आईचे कसे चालले आहे" असे विचारायचे नाही, विचारायचे तर तिला विचारायचे. आणि तिच्या सामानाची आवराआवर तिच्यासमोर करायची, ती आंघोळीला गेली असता नाही. चार ओळी झाल्या. सही म्हणून तिने नाव लिहिले, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. ते आडनाव मी तिच्या हातचे पहिल्यांदाच पाहिले.

तो कागद पडवीतल्या खिळ्याला टांगला आहे. सध्या त्यावर एक ओळ अशी आहे की जिच्यापुढे खूणही नाही आणि ती रिकामीही ठेवलेली नाही. आईने तिथे पेन्सिलने एक टिंब काढून ठेवले आहे.

ती ओळ कॅमेऱ्याची. भावाचे म्हणणे की पडवीत आणि स्वयंपाकघरात एकेक कॅमेरा बसवावा, म्हणजे पुण्यात आणि इथे आपल्याला मोबाईलवर घर दिसत राहील. पैसे फार नाहीत, माणूस येऊन बसवून जातो. मी या गोष्टीच्या विरुद्ध आहे. छप्पर काढून घरात डोकवायचे ते माझ्या सहा बिऱ्हाडांत पुरे; माझ्या आईच्या डोक्यावर लोलक नाही. ती पायरीवर बसून केस विंचरत असली तर ते मी इथून का पाहावे? एकीकडे असे वाटते. दुसरीकडे, मागल्या श्रावणात वीज पडून गावातली लाइन गेली, आईचा मोबाईल चार्ज होईना आणि दोन दिवस फोन लागला नाही. त्या दोन दिवसांत कोणी मला तो कॅमेरा दिला असता तर मी विचारपूसही केली नसती, घेतला असता. शिवाय वीज नसती तर कॅमेराही चालला नसता, हे मला तिसऱ्या दिवशी सुचले. भावाने हे ऐकून बॅटरीवर चालणारे असतात असे कळवले आहे.

आपल्याकडे भाड्याच्या बिऱ्हाडांचाही एक जोडखेळ आहे, २०२३ च्या डिसेंबरात निघालेला. एका आवारात सहा बिऱ्हाडांपर्यंत मांडता येतात, घरमालक होता येते आणि शेजाऱ्याच्या दाराला कान लावूनही ऐकता येते. माझ्या भाचीकडे तो आहे, मी तासभर पाहिला. तो पाहताना मला आमची जुनी चाळ आठवली, जिथे कान लावावा लागत नसे. आईच्या वाडीत अजून थोडेसे तसेच आहे. तिने सकाळी आठपर्यंत अंगणात सडा टाकला नाही तर पलीकडच्या घरातली सून येऊन विचारते. पण ती सूनही आता नवऱ्याबरोबर मुंबईला येण्याच्या गोष्टी करते आहे.

गणपतीला आम्ही सगळे संगमेश्वरला जमणार आहोत, आणि टिंबाचे काय करायचे ते तेव्हा ठरायचे आहे. ठरवणार आईच. पण तिने मला विचारले आहे, की तुमच्या मंडळात कोणाच्या आई-सासूच्या घरी असा कॅमेरा आहे का, आणि त्या म्हाताऱ्यांना कसे वाटते ते विचारून ये. मुलांना कसे वाटते ते नको. तेव्हा ज्यांच्याकडे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. मी डाव्या हाताला, फराळाच्या टेबलाशी उभी आहे. वही बरोबर आणली आहे.